एक पडदा थिएटरात ऑगस्टचे 5 रविवार: यादी आधी ठरवायची की मशीन आधी बघायचं?

मिरज_मॅटिनी:

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका एक पडदा थिएटरचे मालक ऑगस्ट 2026 मधले पाचही रविवार (2, 9, 16, 23 आणि 30) सकाळचा खेळ आमच्या फिल्म क्लबला द्यायला तयार झालेत. वेळ 9:30 ते 12:10. 12:30 ला त्यांचा नेहमीचा खेळ लागतो. खाली 310 आणि बाल्कनीत 102 खुर्च्या. भाडं दर रविवारी 6,000 रुपये, त्यात ऑपरेटर आणि एक डोअरकीपर आला. छप्पर पत्र्याचं, खाली फॉल्स सीलिंग. एसी नाही, पंखे आहेत. पडद्यावरचं फ्लॅट (उंचीच्या 1.85 पट रुंद) चित्र 18 फूट उंच. बाजूचे काळे पडदे दोरीनं सरकतात.

कच्ची यादी अशी: एक प्रभातच्या काळातला, एक सत्तरच्या दशकातला मराठी, एक गेल्या दहा वर्षांतला मराठी, एक इराणी, एक जपानी. तिकीट लावलं नाही तर हक्कांची परवानगी लागते का? ब्ल्यू-रे किंवा लॅपटॉपवरून दाखवता येईल का? सिस्टिम कोणती म्हणून विचारलं तर ऑपरेटर ‘सॅटेलाइटवाली’ एवढंच म्हणाले. त्यावरून काय समजायचं?

केबिनमधून:

यादी बाजूला ठेवा आणि आधी केबिनमध्ये जा. तिथे काय चालतं हे कळल्याशिवाय कोणाशी हक्कांचं बोलणंही करता येत नाही, कारण समोरचा पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणत्या फॉरमॅटमध्ये हवा?’ हाच.

तीन फोटो काढून आणा: सर्व्हरवरची पाटी, प्रोजेक्टरचं मॉडेल आणि प्रोजेक्टरच्या इनपुटची बाजू. ‘सॅटेलाइटवाली’ म्हणजे बहुतेक यूएफओ कंपनीसारखी ई-सिनेमा व्यवस्था. तिच्यात चित्रपट कंपनीच्याच पद्धतीनं बांधलेल्या कुलूपबंद फाइलमधून येतो आणि खेळागणिक परवाना मिळतो. बाहेरून आणलेला डीसीपी (थिएटरसाठी प्रमाण पद्धतीनं बांधलेली चित्रपटाची डिजिटल प्रत) तिथे चालत नाही, ड्राइव्ह कितीही चांगला असो. क्यूब या दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत मॉडेल बघूनच बोलावं, कारण त्यांचे ई-सिनेमा आणि डी-सिनेमा (डीसीपी चालवणारे) असे दोन्ही प्रकारचे सर्व्हर आहेत. प्रोजेक्टर डीसीआय (डिजिटल सिनेमाचं प्रमाण मानक) दर्जाचा बार्को, क्रिस्टी किंवा एनईसी असेल आणि सर्व्हर डीसीपी घेत असेल तर तुमचं अर्धं काम झालं.

डीसीपी चालत असेल तर पुढच्या गोष्टी आत्ताच लिहून ठेवा.

ड्राइव्ह बहुतेक वेळा लिनक्सच्या ईएक्सटी2 किंवा ईएक्सटी3 मध्ये फॉरमॅट केलेला येतो. तो विंडोज लॅपटॉपला लावला की ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं जातं. तिथे ‘हो’ दाबलं की चित्रपट गेला. हा ड्राइव्ह लॅपटॉपला लावूच नका, थेट सर्व्हरला लावा.

फाइलचं नाव वाचायला शिका. ‘एफ’ म्हणजे फ्लॅट (1998 × 1080), ‘एस’ म्हणजे स्कोप (2048 × 858). ‘एफ-137’ म्हणजे फ्लॅटच्या चौकटीत बसवलेला जुना 1.37 आकार. ‘ओव्ही’ म्हणजे मूळ पूर्ण आवृत्ती. ‘व्हीएफ’ ही पुरवणी असते, त्यात फक्त सबटायटल किंवा बदललेलं रीळ असतं. नुसती व्हीएफ आली तर सर्व्हर ती घेतो, यादीत नावही दिसतं, पण खेळ लागत नाही. दोन्ही आलेत का हे पाठवणाऱ्याला आधी विचारा.

कॉपी करायला वेळ धरा. 150 जीबीचा डीसीपी यूएसबी 2 वरून साधारण 30 एमबी प्रतिसेकंदानं गेला तरी 1 तास 25 मिनिटं लागतात, वर तपासणी वेगळी. खेळ चालू असताना काही सर्व्हर कॉपी करू देत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी 8 ला ड्राइव्ह घेऊन पोहोचणं म्हणजे खेळ रद्द करण्याची तयारी.

आता केडीएम, म्हणजे किल्ली. कुलूपबंद डीसीपीची किल्ली त्या एकाच सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर बनते. मधल्या काळात मीडिया ब्लॉक (सर्व्हरचा कुलूप उघडणारा भाग) बदलला असेल तर जुन्या अनुक्रमांकावर बनलेली किल्ली निरुपयोगी. किल्लीला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. परदेशातून आलेल्या किल्लीत वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, लिहिलेली असते. ‘रविवार 06:00’ लिहिलं असेल तर आपल्याकडे ते सकाळचे 11:30 झाले. तुमचा 9:30 चा खेळ त्या किल्लीनं उघडणारच नाही. सर्व्हरचं घड्याळ मागे-पुढे करू असं कोणी म्हणालं तर सोडून द्या, सुरक्षित घड्याळ वर्षाला जास्तीत जास्त 6 मिनिटंच सरकवता येतं. किल्ली गुरुवार दुपार ते सोमवार रात्र अशी मागा, म्हणजे शुक्रवारी रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर चाचणी घेता येते.

हक्कपत्र:

तिकीट नसलं म्हणून परवानगी लागत नाही, हा समज ठिकठिकाणी आढळतो आणि तो चूक आहे. जमलेल्या लोकांसमोर चित्रपट दाखवणं हाच सार्वजनिक वापर. पैसे घेतले की नाही यानं फक्त शुल्काचा आकडा बदलतो. विकत घेतलेली ब्ल्यू-रे किंवा ओटीटीचं खातं ही घरगुती वापराची परवानगी. थिएटर भाड्यानं घेऊन त्यावरून खेळ लावता येत नाही.

जुन्या चित्रपटांचं गणित असं. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1965 साली लागलेल्या चित्रपटाची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली. म्हणजे प्रभातच्या काळातला चित्रपट या मुदतीबाहेर गेला. पण एवढ्यावर थांबू नका. कथा आणि गाणी यांचे हक्क लेखक-कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात आणि ते चित्रपटाबरोबर संपत नाहीत. शिवाय चांगली प्रत ज्याच्याकडे आहे तो ती कोणत्या अटीवर देतो हा वेगळा करार. यूट्यूबवरची प्रत फुकट दिसते, पण ती बहुधा टीव्हीसाठी कापलेली, आवाज दबलेला. 18 फूट उंच पडद्यावर ती लावणं म्हणजे त्या चित्रपटाचा अपमान.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (2022 पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत विलीन) प्रत सांभाळतं, पण बहुतेक चित्रपटांचे हक्क त्यांच्याकडे नसतात. तिथून प्रत हवी तर निर्मात्याचं किंवा वारसांचं ना हरकत पत्र जोडावं लागतं. सत्तरच्या दशकातला तुमचा चित्रपट फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या (एनएफडीसीची पूर्वीची संस्था) पैशातून झालेला असेल तर आधी एनएफडीसीला विचारा. तिथे हक्क आणि प्रत एकाच दारी मिळण्याची शक्यता जास्त. नव्या मराठी चित्रपटासाठी वितरकाच्या मागे लागू नका. प्रदर्शनानंतर त्याचा करार बहुधा संपलेला असतो. निर्मात्याला थेट लिहा, आणि पत्रात एकाच वेळी सगळं घाला: चित्रपटाचं नाव, तारीख, वेळ, थिएटर, खुर्च्या, एकच खेळ, तिकीट आहे की नाही, फॉरमॅट, सबटायटलची भाषा, शुल्क, ड्राइव्ह परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि पुरामुळे खेळ झाला नाही तर पर्यायी तारीख. शेवटचा मुद्दा तुमच्या भागात शोभेचा नाही. 2019 चा पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच आला होता. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रतही त्याच पत्रात मागा.

जपानी चित्रपटासाठी जपान फाउंडेशनच्या दिल्ली कार्यालयाला किंवा मुंबईतल्या जपानी वकिलातीला लिहा. अशा संस्था चित्रपट देतात ते बहुधा विनाशुल्क प्रवेशाच्या अटीवर. त्यामुळे तुम्ही महिन्याचा पास काढणार असाल तर हा चित्रपट त्या पासात मोजता येत नाही. पासवर ‘4 चित्रपट’ असं छापा आणि जपानी खेळ सगळ्यांना मोफत ठेवा. इराणी चित्रपटाचे हक्क बरेचदा युरोपातल्या विक्रेत्या कंपनीकडे असतात. उत्तराला वेळ लागतो, 8 आठवडे हाताशी ठेवा.

ज्या परदेशी चित्रपटाला भारतीय सेन्सॉर प्रमाणपत्र नाही तो असाच लावता येत नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा 1952 च्या कलम 9 खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं. फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनशी (स्थापना 1959) तुमचा क्लब संलग्न असेल तर त्यांच्यामार्फत विचारा आणि सूट कोणत्या अटींवर आहे ते शब्दन्‌शब्द वाचा. ‘फक्त सभासदांसाठी’ लिहिलं असेल तर दारावर तिकीट विकायचं नाही. मालकांना एक विचारून घ्या: थिएटरच्या परवान्यात दिवसाचे किती खेळ आणि कोणत्या वेळी लिहिलेत? सकाळचा जादा खेळ त्यात बसला पाहिजे.

तिसरी_रांग:

चित्रपटांच्या क्रमाचाही नीट विचार करा. पहिल्या रविवारी गेल्या दहा वर्षांतला मराठी लावा. लोक नाव ओळखतात, प्रत नवी असते, घोळ होण्याची शक्यता सगळ्यात कमी. दुसऱ्या रविवारी इराणी, शक्यतो 90-100 मिनिटांचा. 16 तारखेला सत्तरच्या दशकातला मराठी, 23 ला जपानी आणि 30 ला प्रभातचा. शेवटचा खेळ गाण्यांचा असला की ज्येष्ठ मंडळी नातवंडांना घेऊन येतात आणि पुढच्या हंगामाची नावं तिथेच लिहून घेता येतात. दोन परदेशी चित्रपट लागोपाठ ठेवू नका, मधल्या रविवारी गळलेला प्रेक्षक परत येत नाही.

16 तारीख विशेष धोक्याची. स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात मोठे हिंदी चित्रपट लागतात आणि मालकांना सकाळी 9 चा जादा खेळ हवासा वाटतो. तोंडी शब्दावर राहू नका, पाचही तारखा कागदावर घ्या, आणि त्या दिवशी असा चित्रपट ठेवा जो 8 दिवस पुढेमागे सरकवता येईल. म्हणून तिथे देशी चित्रपट सुचवला, परदेशी किल्लीची मुदत सरकत नाही.

वेळ अशी भरते: 9:30 म्हटलं की प्रत्यक्षात 9:40. त्यात 120 मिनिटांचा चित्रपट म्हणजे 11:40. मग 20 मिनिटं गप्पा, 12:00 ला दारं उघडायची, 10 मिनिटांत हॉल रिकामा. ऑपरेटरला लेन्स आणि प्लेलिस्ट बदलायला वेळ लागतो, तो खाऊ नका. 130 मिनिटांच्या वरचा चित्रपट घेतलात तर गप्पा बाहेर व्हरांड्यात. प्रभातच्या काळातले बरेच चित्रपट दोन तासांच्या वर जातात, म्हणून लांबी आधी बघा.

मध्यंतर घेऊ नका. परदेशी चित्रपटात ते बांधलेलंच नसतं आणि ऑपरेटर सवयीनं प्लेलिस्टच्या मध्यावर थांबा घालतो, मग वाक्य अर्धवट तुटतं. पण कॅन्टीनवाल्याचा धंदा मध्यंतरावर असतो, त्याला आधी सांगा. 8:45 पासून चहा-पोहे चालू ठेवले तर त्याचंही भागतं आणि लोकही वेळेवर येतात.

पैशांचं: भाडं पाच रविवारांचं 30,000. 400 रुपयांचे 75 पास गेले की ते सुटतं. हक्कांचं शुल्क, कुरिअर आणि छपाई त्यावर. पहिल्या वर्षी बाल्कनी बंद ठेवा. 310 खुर्च्यांत 120 माणसं बरी दिसतात, 412 मध्ये विखुरलेली 120 माणसं हॉल ओसाड करतात. तिकीट लावलंत तर डीसीआर (रोजच्या तिकीटविक्रीचा हिशेब) आणि जीएसटी कोणाच्या नावावर जाणार हे मालकांशी आधीच ठरवा.

मिरज_मॅटिनी:

फार उपयोग झाला, आभार. केबिनमध्ये जाऊन आलो. सर्व्हर ई-सिनेमाचाच निघाला, डीसीपी घेत नाही. प्रोजेक्टरला एचडीएमआय आणि डीव्हीआय इनपुट आहेत. आवाजाचा प्रोसेसर डॉल्बी सीपी650. आता काय?

केबिनमधून:

दोन वाटा. पहिली: चित्रपट त्या सॅटेलाइट सेवेच्या कंपनीमार्फतच घ्या. नव्या मराठी चित्रपटासाठी ही सोपी, त्यांच्याकडे मास्टर (मूळ डिजिटल प्रत) शिल्लक आहे का विचारा. निर्मात्याची परवानगी त्यांनाही लागते आणि खेळाचं शुल्क वेगळं असतं. जाहिरातींची प्लेलिस्ट आपोआप जोडली जाणार का हेही विचारून घ्या, नाहीतर 9:40 चे 9:55 होतात.

दुसरी: निर्मात्याकडून किंवा संस्थेकडून अधिकृत फाइल घेऊन एचडीएमआयनं दाखवायची. थिएटरच्या सेवा करारात बाहेरचं इनपुट लावायला मनाई असते का हे मालकांनी तपासावं, तेही लेखी. चालत असेल तर पुढचं नीट करा.

फाइल प्रोरेस 422 एचक्यू (कमी दाबलेला, उच्च दर्जाचा व्हिडिओ प्रकार), 1080पी. 2 तासांची साधारण 160 जीबी होते. तेवढी जमत नसेल तर सेकंदाला 20-25 मेगाबिटची, जास्त दाबलेली एच.264 फाइल, साधारण 20 जीबी. एसएसडी एक्सफॅटमध्ये ठेवा, फॅट32 मध्ये 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही. लॅपटॉपचं आउटपुट 1920 × 1080 आणि 24 हर्ट्झवर लावा. बहुतेक लॅपटॉप 60 हर्ट्झवर असतात, मग कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं आणि प्रेक्षकांना डोकं दुखण्याचं कारण कळत नाही. प्रोजेक्टर 24 घेत नसेल तर 48 बघा. नाइट मोड, स्क्रीनसेव्हर, नोटिफिकेशन, अपडेट सगळं बंद. वायफायही बंद. चार्जर लावलेला. लॅपटॉप केबिनमध्येच ठेवा, 3 मीटरची केबल पुरते. हॉलमधून 20-25 मीटर साधी एचडीएमआय ओढली की चित्र मधूनच जातं, तेवढं अंतर असेल तर ऑप्टिकल केबल लागते.

आवाज: ज्या इनपुटवर मध्यंतरातली गाणी लागतात ते ‘नॉन-सिंक’. लॅपटॉपच्या हेडफोन पिनमधून थेट देऊ नका, साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. घूं असा आवाज आला तर तो अर्थिंगच्या फरकाचा. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, प्लगची अर्थ पिन काढू नका. जुना मोनो आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमधून गेला तर कडेला बसलेल्याला संवाद एका बाजूनंच येतात. प्रोसेसरमध्ये मॅट्रिक्स डिकोड (दोन वाहिन्यांतला समान आवाज वेगळा काढणारी सोय) लावता आलं तर मोनो आवाज आपोआप मधल्या स्पीकरला जातो. ते ऑपरेटरकडून तपासून घ्या.

फेडरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाचा, आकडा रिकाम्या हॉलमध्ये ठरवू नका. 7 हा प्रमाण आकडा, पण जाहिराती कर्कश असतात म्हणून बऱ्याच ठिकाणी 4-5 वर चालवतात आणि मग जुन्या चित्रपटातले संवाद विरून जातात. शिवाय तुमच्याकडे पंखे आहेत आणि ऑगस्टमधला पाऊस पत्र्यावर. चाचणी पंखे पूर्ण चालू ठेवून घ्या, शेवटच्या रांगेत कुजबुजता संवाद ऐका, तो आकडा लिहून ठेवा आणि पाऊस आला तर अर्ध्या आकड्यानं वाढवा. एक माणूस मागच्या रांगेत आणि केबिनमध्ये फोन, एवढं पुरे.

चित्राचा आकार. प्रभातच्या काळातला 1.37 चित्रपट ताणून किंवा डोकी कापून पडदा भरू नका. तुमच्या 18 फूट उंचीला फ्लॅटची रुंदी 33.3 फूट येते, 1.37 ची 24.7 फूट. म्हणजे दोन्ही बाजूंनी सव्वाचार फूट काळे पडदे आत ओढायचे. ते न ओढता चालवलं तर कडेचा प्रोजेक्टरचा काळा भाग राखाडी दिसतो आणि कृष्णधवल चित्र फिकं पडतं. दोरीवर त्या जागी रंगीत चिकटपट्टी लावून खूण करा, ऑपरेटर अंधारात शोधत बसत नाही.

आणि उजेड. सकाळच्या खेळाला दारांच्या फटीतून, एक्झॉस्टच्या भोकांतून ऊन येतं. शनिवारी सकाळी 10 वाजता दिवे बंद करून हॉलमध्ये 5 मिनिटं बसा, सगळ्या फटी दिसतात. आपत्कालीन दारं आडवायची नाहीत, त्यांवर फक्त आतून जाड काळं कापड टांगायचं, आणि ‘बाहेर’ची पाटी उघडी ठेवायची.

मिरज_मॅटिनी:

इराणी चित्रपटाला फक्त इंग्रजी सबटायटल आहेत. मराठी आपण केली तर?

केबिनमधून:

करा, पण आधी हक्कधारकाची परवानगी. एका वेळी दोन ओळी, ओळीत 35-40 अक्षरं, किमान 1 सेकंद आणि जास्तीत जास्त 6. एसआरटी (सबटायटलची फाइल) यूटीएफ-8 मध्ये साठवा, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतील. जोडाक्षरं प्लेअरवर सोडू नका. ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘द्ध’ तुटून येतात. सबटायटल चित्रातच कायमची बसवून घ्या आणि ती नवी फाइल पूर्ण दोन तास बघा. जागाही वर घ्या: खालून साधारण 12-15 टक्के. उताराच्या नसलेल्या जमिनीवर पुढच्याचं डोकं खालच्या ओळीवर येतं. 9 तारखेचा खेळ असेल तर ही फाइल 26 जुलैच्या रविवारी त्याच प्रोजेक्टरवर, बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगेतून वाचून बघा. तिथून वाचता आली नाहीत तर अक्षर मोठं करायला 2 आठवडे उरतात.

हक्कपत्र:

त्या चाचणीला लेन्स पुसायला सांगा, आणि वीज गेल्यावर जनरेटर किती सेकंदात येतो तेही मोजा. सर्व्हर नसला तरी प्रोसेसर आणि लॅपटॉप यूपीएसवर असू द्या. प्रोजेक्टरचा दिवा मात्र लगेच पेटवायचा नाही, ऑपरेटर म्हणेल तेवढं थांबायचं. सांगलीकडे पावसाळ्यात एखाद्या तरी रविवारी हे होणारच, म्हणून 12:10 ची हद्द 15 मिनिटं पुढे सरकली तर चालेल का हे मालकांच्या त्याच पत्रात लिहून घ्या.